चायनीजवरील बहिष्कार: नेमका कोणाविरुद्ध?

१/
नाशिकच्या कॉलेज रोडवर सहा-आठ मित्र एका टेबलाभोवती बसतात. मधोमध हक्का नूडल्स, मंचुरियन आणि ट्रिपल शेजवान राईस येतो. जो तो त्यातून वाढून घेतो. सीमेवर तणाव वाढला की या जेवणालाच देशद्रोह ठरवणारे आवाज उठतात. त्यांना इतिहासानेच उत्तर दिले पाहिजे.

२/
१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आले. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले आणि ते विकणाऱ्या उपाहारगृहांवर बंदीची मागणी केली. संताप रास्त होता. नेम मात्र साफ चुकला होता.

३/
मंचुरियनचा मंचुरियाशी नावापुरताच संबंध. प्रचलित हकीकतीनुसार कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो प्रथम केला. आले, लसूण, हिरवी मिरची हा मसाला आपलाच; त्याला जोड सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरची.

४/
मुंबईतील चिनी वस्ती याहून कितीतरी जुनी. माझगावचे सी यिप कून मंदिर १९१९ सालचे. 'सी यिप' म्हणजे चार परगणे: कँटन शहर ज्या ग्वांगदाँग प्रांतात आहे, तेथलेच. तिकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ते उभारले.

५/
कँटनी जेवणात भाताचा वाडगा ज्याचा त्याचा, पण बाकीचे पदार्थ मधोमध, सर्वांचे. आपल्या जुन्या पंगतीत पान वेगळे आणि पंक्तीत कोण बसणार हे जात ठरवी. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे आडनाव न विचारता एका प्लेटमधून खाणे क्षुल्लक नव्हे.

६/
आता १९६२. युद्ध पेटताच चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना खटल्याविना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबले गेले. बहुतेक जण आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या भागांतले. त्यांत भारतात जन्मलेले होते, म्हातारे होते, लहान मुलेही होती. त्यांचा गुन्हा एकच: चेहरा आणि आडनाव.

७/
ही देवळी म्हणजे नाशिकजवळची देवळाली नव्हे. मात्र नाशिकशी तिचे नाते आहे. ब्रिटिशांनी याच देवळीत जयप्रकाश नारायण आणि निफाड तालुक्यातील करंजगावचे श्रीपाद अमृत डांगे यांना स्थानबद्ध केले होते. परक्या सत्तेचे ते कुंपण स्वतंत्र भारताने आपल्याच रहिवाशांभोवती घातले.

८/
त्याने सीमा तसूभरही सुरक्षित झाली नाही. काहींची थेट चीनमध्ये रवानगी झाली. काही सुटून घरी परतले, तर घर-दुकान लिलावात गेलेले. पुढे अनेकांनी कॅनडा गाठला.

९/
"स्वदेशीतही बहिष्कार होताच ना?" हा आक्षेप ठरलेला. होता. भगूरच्या सावरकरांनी १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली. पण विलायती कापडाचा पैसा मँचेस्टरच्या गिरणीमालकाकडे जात होता. नाशिकच्या चायनीज गाडीचा पैसा कोबी आणि सिमला मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे आणि कढईपुढे घाम गाळणाऱ्या आचाऱ्याकडे जातो. गाडी बंद पडली तर बीजिंगला काय तोशीस?

१०/
चीनशी व्यापार किती आणि कसा ठेवावा, यावर खुशाल वाद व्हावा; तो धोरणाचा प्रश्न आहे. पण राज्यसत्तेवरचा राग शेजाऱ्यावर आणि त्याच्या चुलीवर काढणे हे शौर्य नव्हे. १९६२ साली नेमके तेच झाले आणि त्याची किंमत निरपराधांनी मोजली. तीच चूक देशभक्तीच्या नावाने पुन्हा खपवू पाहणाऱ्यांना एवढेच विचारावे: देवळी ठाऊक आहे का?