एका वेळी एकच स्पंद

बहिऱ्या बालकाच्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसविले की ते लागलीच आपल्यासारखे ऐकू लागेल, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. प्रत्यक्षात यंत्र प्रथम चालू होते तेव्हा बालक बावरते, क्वचित रडू लागते, आणि आईबाप खट्टू होतात. म्हणून ‘कॉक्लियर इम्प्लांट’ नावाच्या या यंत्राचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या कानाच्या अंतर्भागात गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वेटोळा असा कर्णशंख असतो. त्यातील सुमारे ३,५०० सूक्ष्म पेशी ध्वनीचा संदेश श्रवणतंतूंना देतात. शंखाच्या प्रारंभी उंच स्वरांचे स्थान, तर शेवटच्या टोकाशी खर्जाचे. या पेशीच नाहीशा झाल्या, तर कितीही मोठ्याने बोलून उपयोग होत नाही. हे यंत्र त्यांना वगळून श्रवणतंतूंना थेट विजेचे स्पंद पोहोचविते.

१९५७ साली पॅरिस येथे जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या गृहस्थावर असा प्रयोग केला. त्यास ध्वनीची लय उमगली, परंतु संभाषण कळले नाही. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रेम क्लार्क यांनी शंखात अनेक विद्युत्‌-अग्रे असलेले यंत्र बसविले. तथापि अग्रांची संख्या वाढविणे पुरेसे नव्हते. कर्णशंख द्रवाने भरलेला असल्यामुळे एका अग्राची वीज शेजारीही पसरते. अनेक अग्रे एकदम चालविली, तर त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळून ध्वनी विकृत होतो.

१९९१ साली ब्लेक विल्सन आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी यावर उपाय प्रसिद्ध केला. ध्वनी उंच-नीच स्वरांच्या पट्ट्यांत विभागावा, प्रत्येक पट्टीचा चढउतार मोजावा आणि त्या मानाने आपापल्या अग्रास स्पंद द्यावेत. मात्र दोन अग्रांना एकाच क्षणी नव्हे, तर आळीपाळीने. ही पाळी इतकी जलद, की प्रत्येक अग्रास सेकंदाला शेकडो स्पंद मिळतात. या पद्धतीमुळे अनेकांना ओठांकडे न पाहताही बोलणे समजू लागले.

तरीही ३,५०० पेशींचे काम दहा-वीस अग्रांनी करावयाचे असते, हे विसरू नये. शब्द कळतो, ताल कळतो. गाण्याचा सूर मात्र पुष्कळदा अस्पष्ट राहतो, आणि गलक्यातून एकाचा आवाज वेगळा करणे कठीण जाते. या नव्या स्पंदांचा अर्थ लावण्यास मेंदूला महिनेच्या महिने लागतात. यंत्र लहान वयात बसविल्यास भाषा अधिक सुलभतेने येते.

शस्त्रवैद्याचे काम काही तासांचे. घराचे काम अनेक वर्षांचे. बालकाशी बोलताना रेडिओ आणि दूरदर्शन बंद ठेवावे, त्याच्या समोर बसावे, शब्द सावकाश व स्पष्ट उच्चारावा. सगळ्यांनी एकदम बोलू नये. विद्युत्‌-अग्रांना लावलेली शिस्त घरातील माणसांनीही पाळली, तर त्या यंत्राचे चीज होईल.