धड ना इकडची, धड ना तिकडची

परवा एका जुन्या मित्राशी चांगलंच वाजलं. कारण काय, तर एक कादंबरी. तीही भुताखेतांची! कायली ली बेकर यांची ‘द कीपर ऑफ नाईट’, २०२१ साली आलेली. मी आपला भरभरून सांगत होतो आणि हा पठ्ठ्या चहाचा घोट घेत शांतपणे म्हणाला, "ठीक आहे रे, पण ते काही अस्सल जपानी नाही. अमेरिकेत बसून केलेली भेसळ आहे."

भेसळ हा शब्द डोक्यात गेला. म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, जागा लंडन. नायिका रेन स्कारबरो. बाप इंग्लंडमधला ‘रीपर’, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे गोळा करणारा. आई जपानची शिनिगामी. धंदा दोघांचा एकच, आपल्या यमदूतांचा म्हणा ना. पण लंडनचे रीपर रेनला आपली मानत नाहीत, छळ छळ छळतात. शेवटी ती सावत्र भावाला, नेव्हनला, घेऊन जपानला पळते. वाटतं, तिकडे तरी कुणी घरचं म्हणेल. तर तिथल्या पाताळाची, योमीची, राणी इझानामी सांगते: आधी तीन भयंकर योकाई मारून दाखव, मग बघू.

आता माझ्या मित्राच्या ‘अस्सल’कडे वळू.

योकाईंमधली सगळ्यात प्रसिद्ध बाई म्हणजे युकी-ओन्ना, हिमस्त्री. तिची जी गोष्ट आज जगभर माहीत आहे ती लिहिली कुणी? लाफ्काडिओ हर्न यांनी. आई ग्रीक, बाप आयरिश, जन्म ग्रीसमधला. १८९० मध्ये जपानला पोचले, सेत्सु नावाच्या जपानी बाईशी संसार मांडला, १८९६ मध्ये कोइझुमी याकुमो या नावाने जपानचे नागरिक झाले. बायकोच्या तोंडून गोष्टी ऐकायच्या आणि इंग्रजीत लिहायच्या, असा त्यांचा खाक्या. ‘क्वाइदान’ हे त्यांचं पुस्तक १९०४ सालचं. आज जपानी मुलं त्यांच्या गोष्टी जपानी अनुवादात वाचतात! भेसळच म्हणायची, तर इथूनच सुरुवात करा.

बरं, शिनिगामी तरी? ७१२ सालच्या ‘कोजिकी’त इझानामी आहे, योमी आहे, पण शिनिगामी नाहीत. हा शब्द भेटतो तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, चिकामात्सुच्या नाटकांत. मेइजी काळात सान्युतेई एन्चो या कथाकाराने ‘शिनिगामी’ नावाची गोष्ट रंगवून सांगितली. त्यात एक गुहा आहे, माणसागणिक एक मेणबत्ती जळते, मेणबत्ती विझली की माणूस संपला. ग्रिम बंधूंच्या संग्रहातही हीच गुहा, ह्याच मेणबत्त्या. एन्चोंची गोष्ट युरोपातूनच आली असं अभ्यासक मानतात. म्हणजे बेकरबाईंच्या आधी शंभराहून जास्त वर्षं खुद्द जपानी शिनिगामीच अर्धा युरोपियन होता.

आणि आपण कशाला लांब जायचं? जपानी नरकाचा न्यायाधीश एन्मा म्हणजे आपला यम. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. लोकांची पोरं खाणारी आणि बुद्धाने ताळ्यावर आणल्यावर पोरांची राखण करणारी किशिमोजिन म्हणजे हारिती. तिचं एक देऊळ टोकियोत झोशिगायाला आहे आणि तिची मूर्ती आपल्या अजिंठ्यात, दोन नंबरच्या लेण्यात बसली आहे. टोकियोतली खोटी की अजिंठ्यातली? मला तरी दोघीही खऱ्या वाटतात.

मित्र म्हणेल, म्हणजे काहीही चालतं का? नाही चालत. या कादंबरीशी माझंही एक भांडण आहे. योकाईंना ती सरसकट ‘डीमन’ म्हणते. अहो, योकाईंमध्ये नदीतला खोडकर कप्पा आहे, एका पायावर उड्या मारणारी जुनी छत्री आहे, माणसाशी संसार करणारी कोल्हीण आहे. सगळ्यांना एकाच राक्षसाच्या दावणीला बांधलं की गंमत जाते. अशी चूक नेमकी दाखवा, मी मान्य करीन. पण चूक दाखवणं वेगळं आणि लेखिकेचं रक्त मोजणं वेगळं. तिचे पूर्वज जपानी, चिनी आणि आयरिश आहेत. त्यातले किती टक्के भरले म्हणजे तिला इझानामीबद्दल लिहायची परवानगी? हा प्रश्न विचारणारा माणूस त्या कादंबरीतल्या रीपरांच्याच बाकावर बसलेला असतो, फक्त त्याला ते कळत नाही.

ही नुसती कल्पनेतली गोष्टही नाही. जपानमध्ये अशा मुलांना ‘हाफू’ म्हणतात, इंग्रजी ‘हाफ’वरून. २०१५ साली आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली. जन्म नागासाकी प्रांतातला, आई जपानी, वडील आफ्रिकन अमेरिकन. मुकुट डोक्यावर चढतो न चढतो तोच कुरकुर सुरू: ही पुरेशी जपानी दिसत नाही. तिथेच जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या मुलीने आणखी किती योकाई मारायचे होते?

माझ्या मते या कादंबरीचं खरं काम इथेच आहे. हर्न यांच्या गोष्टीत हिमस्त्री माणसाशी लग्न करते. तिला दहा मुलं होतात. नवरा वचन मोडतो आणि ती धुकं होऊन निघून जाते. मुलांसाठी म्हणून नवऱ्याला जिवंत सोडते, इतकंच. त्या दहांचं पुढे काय झालं? गोष्ट सांगत नाही. गावाने त्यांना काय नावं ठेवली असतील? हिवाळ्यात पहिला बर्फ पडला की दारात उभं राहून ती कुणाची वाट बघत असतील? कोल्हीण कुझुनोहाचा मुलगा आबे नो सेइमेई मोठा ज्योतिषी झाला म्हणून दंतकथेने त्याचं कौतुक केलं. बाकीच्यांचं कोण करतो?

त्या न विचारलेल्या अकराव्या मुलीची गोष्ट म्हणजे रेन. ती काही गुणाची पोर नाही. कुणीतरी आपलं म्हणावं यासाठी ती जे करत जाते ते वाचताना अंगावर काटा येतो. आणि वाचता वाचता कळतं, की तिच्यातला राक्षस आईकडून आला नाही, बापाकडूनही नाही. दोन्हीकडच्या बंद दारांनी तो घडवला.

असो. एवढं का लागलं, तेही सांगून टाकतो. हे पुस्तक मला भाचीने दिलं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, मराठी, बाबा तमिळ. मागच्या गणपतीत तिच्या मोदकाला कळ्या नीट पडेनात, तेव्हा आमच्याच घरातलं कुणीतरी हसत हसत बोलून गेलं, "धड ना इकडची, धड ना तिकडची." सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो, हे लिहिताना लाज वाटतेय.

नातेवाईक मंडळी हे वाचतात, मला ठाऊक आहे. मावशी, रागावू नकोस. पण यंदा तिचा मोदक फुटला, तर तिच्याशेजारी पाट टाकून बस आणि कळ्या कशा काढायच्या ते दाखव. मीही बसेन, मलाही येत नाहीत. आणि मला आजवर कुणी अर्धा म्हटलेलं नाही.