आधी बंदरातले ट्रक

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर टपरी चालवणाऱ्याला डिझेलचा धूर समजावून सांगावा लागत नाही. तो रोज त्याच्या छातीत जातो. या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच स्पष्ट केले. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ हे निकष लागू झाले. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले, म्हणून नव्या इंजिनांत काजळी अडवणारे फिल्टर बसवता आले. हे काम मोठेच होते. पण जुने ट्रक आजही धूर ओकत धावतात, आणि वाहनांच्या प्रदूषण तपासणीच्या पीयूसी केंद्रात मोजला जातो तो धुराचा गडदपणा. फुप्फुसात खोल उतरणारे सूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत.

काजळी हवामानही तापवते, पण ती हवेत फार तर काही आठवडे टिकते. ती आज रोखली, तर तिच्यामुळे होणारी तापमानवाढ लगेच कमी होऊ लागते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही.

म्हणून जुने ट्रक लवकर हटवायला हवेत. मात्र एका ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकावर नुसती बंदी लादणे अन्याय्य ठरेल. त्याला जुनी गाडी भंगारात काढण्यासाठी पुरेशी रक्कम आणि नव्या गाडीसाठी स्वस्त कर्ज द्या. बंदर ते गोदाम अशा ठरावीक फेऱ्या करणारे ट्रेलर सर्वांत आधी विजेवर आणा.