नकाराचा भार ग्राहकावरच का?

औषधाच्या दुकानात, कपड्यांच्या दालनात किंवा चष्मेवाल्याकडे देयक हाती पडण्याआधी ग्राहकाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो: मोबाइल क्रमांक काय? दिल्ली असो, कोइमतूर असो की गुवाहाटी, प्रश्न तोच असतो आणि रांगेत मागे माणसे उभी असल्याने बहुतेक जण क्रमांक सांगून मोकळे होतात. दहा अंक सांगायला काही क्षण पुरतात. पुढे त्या क्रमांकावर सवलतींचे संदेश, कर्जाचे प्रस्ताव आणि विमा योजनांचे दूरध्वनी सुरू झाले, की ते थांबवायचे कोठे आणि कोणाकडे, हे मात्र ग्राहकाला कोणी सांगत नाही. देणे सोपे आणि परत घेणे जवळपास अशक्य, अशी ही रचना आहे. ती अपघाताने तयार झालेली नाही. नकार नोंदवण्याचा सारा भार ग्राहकावर टाकूनच आपल्याकडील नियमन गेली जवळपास दोन दशके चालत आले आहे.

या नियमनाचा आरंभ २००७ सालचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, त्या वर्षी अनाहूत व्यापारी दूरध्वनींविरुद्ध पहिली नियमावली काढली आणि ‘डू नॉट कॉल’ नोंदवही अस्तित्वात आली. ती पुरेशी ठरली नाही, म्हणून २०१० मध्ये नवी नियमावली आली. तीही अपुरी पडल्याने २०१८ मध्ये ब्लॉकचेन तंत्रज्ञानावर आधारलेली तिसरी व्यवस्था उभी राहिली. बँका व विमा, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांपैकी कोणत्या वर्गातील संदेश नकोत, ते १९०९ या क्रमांकावर कळवण्याची सोय ग्राहकाला मिळाली. कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेत संदेश चालतील, हेही त्याला ठरवता येऊ लागले. कागदावर ही व्यवस्था कोणत्याही प्रगत देशाला शोभेल अशी आहे. तरीही नोंदवहीत नाव असलेल्या ग्राहकाचा दूरध्वनी वाजत राहतो.

याची कारणे दोन. पहिले म्हणजे ही नोंदवही नोंदणीकृत विक्रेत्यांनाच बांधू शकते. ज्याने नोंदणीच केलेली नाही, तो साध्या दहा अंकी क्रमांकावरून दूरध्वनी करतो आणि नोंदवहीकडे पाहतही नाही. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत अशा नोंदणीबाह्य विक्रेत्यांविरुद्ध ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्याचे ‘ट्राय’नेच सांगितले. त्यानंतर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कठोर आदेश निघाले आणि काही आठवड्यांत २.७५ लाखांहून अधिक जोडण्या तोडल्या गेल्या. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. ग्राहकाने नोंदवहीत दिलेल्या नकारावर त्याने एखाद्या कंपनीला दिलेली संमती मात करते. तत्त्वतः हे योग्यच. पण ती संमती खरोखर दिली गेली होती का, हे तपासणार कोण? कर्जाच्या अर्जातील बारीक अक्षरांतले एखादे कलम, मॉलमधील सोडतीची चिठ्ठी किंवा दुकानातील नोंदवहीतला क्रमांक एवढ्याच आधारावर ‘ग्राहकाची संमती आहे’ असा दावा वर्षानुवर्षे होत राहिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ट्राय’ने केलेल्या दुरुस्त्या या दोन्ही कारणांवर बोट ठेवतात, हे मान्य केले पाहिजे. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेण्यात आली. नोंदणीबाह्य विक्रेत्यावर कारवाईसाठी दूरसंचार कंपनीला मिळणारा काळ तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आला. प्रचारकी संदेशातच तो थांबवण्याचा पर्याय देणे बंधनकारक झाले आणि ग्राहकाने एकदा तो वापरला, तर पुढील नव्वद दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागण्यास मनाई झाली. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सहभागाने काही बँकांबरोबर संमतीच्या डिजिटल नोंदणीचा प्रायोगिक प्रकल्पही सुरू झाला. दिशा बरोबर आहे. मात्र या नियमांची हद्द दूरध्वनी आणि एसएमएसपाशी संपते. एसएमएस बंद झाला, की तोच विक्रेता व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलमध्ये किंवा अ‍ॅपच्या सूचनांमधून दाराशी हजर होतो. ग्राहकाचा नकार एकाच दारावर लागू होतो आणि घराला दारे मात्र अनेक आहेत.

या अनेक दारांना एकच कुलूप लावण्याची क्षमता असलेला कायदा आपल्याकडे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माध्यमामाध्यमांत भेद करत नाही. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, असे तो म्हणतो. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असले पाहिजे, असेही त्यात स्पष्टपणे लिहिले आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळेल. कायद्यातच दिलेले एक उदाहरण औषधाच्या दुकानाचे आहे: ग्राहकाने पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवण्यासाठी क्रमांक दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठवण्यापुरताच वापरायचा. सरळ वाचले, तर देशभरातील विक्री खिडक्यांवर आज जे चालते, त्यातील बरेचसे या एका उदाहरणानेच नियमबाह्य ठरते.

प्रश्न अंमलबजावणीचा आणि कायद्याने स्वतःच ठेवलेल्या फटींचा आहे. कायद्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. त्याहून गंभीर बाब जुन्या साठ्याची. कायदा लागू होण्यापूर्वी संमतीने गोळा केलेली माहिती कंपन्यांना पुढेही वापरता येईल. त्यांनी शक्य तितक्या लवकर ग्राहकाला सूचना द्यायची आणि ग्राहकाने संमती मागे घेईपर्यंत वापर चालू ठेवायचा, अशी तरतूद आहे. म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुकाने, रुग्णालये, शिकवण्या, बँका आणि अ‍ॅप यांच्याकडे जमा झालेल्या क्रमांकांबाबत मौन हाच होकार धरला जाईल. आपला क्रमांक कोणाकोणाकडे आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याने प्रत्येकाला शोधून नकार कळवावा, अशी ही अपेक्षा आहे.

दाद मागण्याचा मार्गही सुकर नाही. ग्राहकाने आधी त्या कंपनीच्याच तक्रार यंत्रणेकडे जायचे. तिने उत्तर देण्यासाठी नव्वद दिवसांपर्यंतचा काळ घेतला तरी चालेल. त्यानंतरच विदा संरक्षण मंडळाचे दार उघडते. एका नियमावलीत पाच दिवस आणि दुसरीत नव्वद, हे अंतर ग्राहकाला समजावून सांगणे कठीण आहे. मंडळ काही बाबतींत २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकते, पण ती रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ मध्ये पीडिताला भरपाईची जी तरतूद होती, ती नव्या कायद्याने वगळली. शिवाय लक्ष्यित जाहिरातींवरील स्पष्ट बंदी अठरा वर्षांखालील मुलांपुरती आहे. युरोपीय महासंघाच्या विदा संरक्षण नियमावलीत कोणाही व्यक्तीला थेट विपणनाला हरकत घेण्याचा स्वतंत्र अधिकार आहे आणि ती हरकत आल्यावर कंपनीला थांबावेच लागते. आपल्या कायद्यात असा वेगळा अधिकार नाही.

निवड केवळ नावापुरती असली की काय होते, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ मधील गोपनीयता धोरणाने दाखवून दिले. अटी मान्य करा किंवा सेवा सोडा, असा तो प्रस्ताव होता. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती अन्य मेटा कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण बंदी रद्द केली. संपर्कासाठी ज्या सेवेवाचून चालत नाही, तिच्या दारात मागितलेल्या संमतीला मुक्त संमती म्हणावे काय, हा प्रश्न स्पर्धा कायद्याच्या वाटेने पुढे यावा लागला, हे विदा संरक्षणाच्या विलंबाचेच फलित होय.

उद्योगांची बाजूही ऐकली पाहिजे. छोटा दुकानदार मोठ्या जाहिराती देऊ शकत नाही. जुन्या ग्राहकाला सणासुदीच्या सवलतीचा संदेश पाठवणे हेच त्याचे विपणन असते. त्यावर सरसकट बंदी कोणी मागत नाही. पण अनाहूत संदेशांच्या पुराचा फटका प्रामाणिक व्यावसायिकालाही बसतोच. अनोळखी क्रमांक पाहताच माणसे दूरध्वनी उचलत नाहीत. बँकेने फसवणुकीबाबत दिलेला खरा इशाराही त्या गर्दीत हरवतो. बँकांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० या अंकांनी सुरू होणारी वेगळी मालिका काढावी लागली, ती याच विश्वासाच्या ऱ्हासामुळे. आणि त्या गोंधळाचा लाभ घेणाऱ्या भामट्यांचे पहिले बळी ठरतात ते वृद्ध, नव्याने स्मार्टफोन हाती आलेले आणि इंग्रजी न वाचणारे नागरिक.

मे २०२७ पर्यंतचा काळ म्हणूनच वाट पाहण्यात दवडता कामा नये. पहिले म्हणजे, जुन्या साठ्यातील क्रमांक विपणनासाठी वापरायचे असतील, तर नुसती सूचना पुरेशी मानू नये. नव्याने होकार घ्यावा आणि तो न आल्यास नकार गृहीत धरावा. दुसरे, नोव्हेंबर २०२६ पासून ‘संमती व्यवस्थापक’ नोंदणीकृत होऊ लागतील. आपल्या साऱ्या संमती एका जागी पाहण्याची व मागे घेण्याची सोय ते देणार आहेत, मात्र त्यांच्या मंचावर दाखल झालेल्या कंपन्यांपुरतीच. बँका, विमा, दूरसंचार आणि मोठ्या किरकोळ साखळ्यांना ही जोडणी सक्तीची करावी आणि ‘ट्राय’ची पसंती नोंदवही तिच्याशी जोडावी, मग १९०९ वर नोंदवलेला नकार ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू होईल. तिसरे, विक्री खिडकीवर पावतीसाठीचा क्रमांक आणि जाहिरातीसाठीची संमती हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले जावेत. मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नका, असे ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितले होते; त्या सल्ल्याला आता नियमाचे बळ हवे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत अधिकाराचा दर्जा दिला. त्या निकालाचे मोजमाप सामान्य नागरिक घटनात्मक परिभाषेत करणार नाही. औषधाच्या दुकानात त्याने ‘क्रमांक देत नाही’ म्हटल्यावर देयक निमूटपणे हाती येते का आणि एकदा ‘नको’ कळवल्यावर संदेश खरोखर थांबतात का, यावरूनच तो ते करील. आजमितीस या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्यातील ‘तितकेच सुलभ’ हे शब्द सरकारने, मंडळाने आणि नियामकांनी अक्षरशः घेतले तरी पुरे.