चाव्या आणि वह्या

मंडळी, गेले तीन शनिवार हे लिहीन लिहीन म्हणत होतो. दर वेळी प्रॉडक्शनला काहीतरी पेटायचं आणि राहून जायचं. आज लॅपटॉप बंद करून... म्हणजे हापिसचा बंद करून, स्वतःचा उघडून बसलोय.

तर झालं असं. गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामात एक शिबिर झालं. विषय : चर्चजीवनात सहकार्य आणि टीमवर्क. रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये. चहा, समोसा, प्रोजेक्टर, बाहेरून आलेले वक्ते. पहिल्याच स्लाईडवर होडी वल्हवणारी आठ माणसं. ही होडी मी ओळखतो. इंडक्शनला भेटली, अप्रेझलच्या ट्रेनिंगला भेटली, आणि आता अंधेरीहून विरार लोकल पकडून माझ्या मागे मागे वसईत पण आली. :)

दीड तासात मुंग्या झाल्या, मधमाश्या झाल्या, रांगेने उडणारे पक्षी झाले. शेवटी फादरांनी आभार मानले आणि सर्वांनी असंच सहकार्य करत राहावं असं सांगितलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्या हॉलमध्ये सहकार्य म्हणजे सांगितलेलं काम करायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. टीम म्हणजे फादर अधिक हो म्हणणारे.

मला हा अर्थ मान्य नाही. आणि का नाही ते सांगायला मला आधी माझ्या आजीबद्दल सांगावं लागेल.

आजी आता नव्वदीला आली. चर्च आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, पण तिला ओटीवर यायचं तरी दोन माणसं लागतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक मावशी घरी येऊन तिला कम्युनियन देते. त्या दिवशी आजीचा थाट बघावा. पहाटे पाचला उठणार, केस विंचरून घेणार, धुतलेलं लुगडं, स्टुलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती. मावशी साडेनऊला येणार हे माहीत असूनही सातपासून दाराकडे डोळे.

गेल्या ऑक्टोबरात मावशी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. रविवारी मिस्सेत तिच्यासाठी प्रार्थना झाली, मनापासून झाली. पण शुक्रवारचं काय, हे कुणीच विचारलं नाही. मी पण नाही. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार आला, आजी तयार होऊन बसली. दुपारी एक वाजता तिने स्वतःच मेणबत्ती विझवायला सांगितली. डिसेंबरातही तेच. त्या दिवशी ती कुणालाच काही बोलली नाही, जेवली पण नाही नीट.

मग चौकशी केली तेव्हा कळलं की अशी अकरा घरं आहेत. अकराही घरांत दोन महिने कुणी फिरकलं नव्हतं. कारण कोणत्या अकरा, हे फक्त मावशीच्या वहीत होतं आणि वही तिच्या कपाटात साड्यांखाली होती. कुणाला किती वाजता जायचं, कुणाला ऐकू येत नाही म्हणून उजव्या बाजूने बोलायचं, कुणाला गिळता येत नाही म्हणून अगदी बारीक तुकडा आणि चमचाभर पाणी, सगळं त्या एका वहीत. सत्तावीस वर्षांचं काम.

आमच्या धंद्यात याला बस फॅक्टर म्हणतात. टीममधल्या किती माणसांना बसने उडवलं की प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडायला हवी. आमच्या धर्मग्रामात तो जिथे बघाल तिथे एक आहे. आजाऱ्यांची वही एकाकडे, साऊंड सिस्टीमच्या खोलीची चावी एकाकडे, दफनभूमीचं रजिस्टर एकालाच वाचता येतं (अक्षर त्याचंच आहे). आणि कुणाची झोप उडत नाही. उलट दर सणाला या एकट्या माणसांना शाल देऊन गौरवतो. अमुक इतकी वर्षं एकहाती सांभाळलं, टाळ्या! अहो, एकहाती सांभाळावं लागलं ही लाज वाटायची गोष्ट आहे. मावशीची नाही, आमची.

हे सगळं शिबिरात प्रश्नोत्तरांच्या वेळी मी विचारलं. शक्य तितक्या सभ्य शब्दांत. आजाऱ्यांची यादी ऑफिसात ठेवता येईल का, प्रत्येक पाड्याला तीन तरी माणसं नेमता येतील का, ती लोकांनी सुचवलेली असतील का. उत्तर आलं की सूचना चांगली आहे, कौन्सिल बघेल, आता सर्वांनी सहकार्य करावं. म्हणजे खाली बसावं.

आता बायबलमध्ये डोकावू. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमची अगदी पहिली मंडळी आणि पहिल्याच मंडळीत तक्रार : रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. आमच्या अकरा घरांसारखीच केस. बारा प्रेषितांनी काय केलं? तक्रार करणाऱ्यांना सहकार्याचा उपदेश दिला नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की तुम्हीच सात जण निवडा, आम्ही हे काम त्यांच्याकडे सोपवतो. निवडलेल्या सातांची नावं बघा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक! ज्यांची ओरड होती, वाटपाची चावी बहुतेक त्यांच्याच माणसांकडे दिली. दोन हजार वर्षांपूर्वी. प्रोजेक्टर नसताना.

लगेच येणारं उत्तर मला पाठ आहे : चर्च म्हणजे लोकशाही नव्हे. मान्य! मिस्सा कशी असावी, श्रद्धेत काय मानावं हे हात वर करून ठरवा असं मी म्हणतच नाहीये. पण आजीकडे शुक्रवारी कोण जाणार हा श्रद्धेचा सिद्धांत आहे का? स्पीकर कुठला घ्यायचा हा सिद्धांत आहे का? दर व्यवस्थेच्या प्रश्नाला सिद्धांताचा झगा घातला की प्रश्न विचारणारा आपोआप पाखंडी ठरतो. सोय आहे.

आणि नियमांचंच बोलायचं तर १९८३ चा चर्चचा कायदा काढून बघा. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, ती ऐच्छिक नाही. कलम ५३६ मधल्या पॅरिश कौन्सिलचं मत मात्र फक्त सल्ल्यापुरतं. पण कलम २१२ म्हणतं की चर्चच्या हिताचं मत धर्मगुरूंना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्कच नव्हे, कधी कधी कर्तव्य आहे. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सिनड सुरू केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा अंतिम दस्तऐवज आला. त्यात या समित्या सक्तीच्या करा आणि 'फक्त सल्ला' या सूत्राचा फेरविचार करा असं स्पष्ट म्हटलंय. रोममध्ये हे लिहून झालं. आमच्याकडे अजून समोसे किती मागवायचे हेसुद्धा वरून ठरतं.

वसईच्या माणसाला सहकार जमत नाही असं म्हणायची तर सोयच नाही. १९१८ साली मॉन्सिनॉर पी. जे. मोनीस यांनी इथे कॅथलिक पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. एका धर्मगुरूने काढलेली संस्था, आणि तत्त्व काय? एक सभासद, एक मत. माझे पप्पा आणि त्यांचे मित्र असल्या संस्थांच्या वार्षिक सभेला अहवालावर पेनाने खुणा करून जातात आणि तावातावाने उभे राहून खर्चाचा हिशेब मागतात. तीच माणसं चर्चच्या हॉलमध्ये शिरली की गोगलगाय! तसंच १९८८ चं हरित वसईचं आंदोलन. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर शेतकरी, शिक्षक, बायाबापड्या, ख्रिस्ती आणि हिंदू सगळे रस्त्यावर उतरले ते पाण्यासाठी, जमिनीसाठी. तेव्हा हो ला हो म्हणणारी माणसं गोळा झाली असती तर आज आमच्या विहिरींचं काय झालं असतं देव जाणे.

असो. आता जरा आपल्याकडे वळू. हो, तुमच्या-माझ्याकडे. फादरांना शिव्या घालणं सोपं आहे, व्हॉट्सॲपवर तर फारच सोपं.

आपण तिशीच्या आतबाहेरचे, पगारदार. मिस्सेला दहा मिनिटं उशिरा येणार, मागे दाराशी उभे राहणार, शेवटच्या गीताच्या आधी बाईक काढणार. आणि वर प्रवचन लांबलं, गायकवृंद बेसूर होता, पार्किंग नाही असे रिव्ह्यू देणार. जणू चर्च म्हणजे जेवण पोचवणारं ॲप. परवाच्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेत माईक गेला, तेव्हा मागे आम्ही कमीत कमी पाच इंजिनियर उभे होतो. पाचांपैकी कुणालाही ॲम्प्लिफायर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. आमच्या लोकलच्या डब्यातली माणसं याहून बरी. एकमेकांची आडनावं माहीत नसतात, पण चौथी सीट कुणाला, बॅग कुणी वर ठेवायची, गरोदर बाईला उतरायला वाट कशी करायची, सगळं न बोलता ठरलेलं असतं.

माझं स्वतःचंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये मी मोठ्या उत्साहाने सर्व कुटुंबांची माहिती एका स्प्रेडशीटमध्ये भरायचं काम अंगावर घेतलं होतं. चाळीस घरं भरली, मग प्रोजेक्ट बदलला. ती शीट अजून तशीच माझ्या ड्राइव्हवर पडून आहे. एक्केचाळिसावं घर आमचं होतं! भरलं असतं तर 'घरी आजारी' या रकान्यात आजीचं नाव गेलं असतं. मावशीची वही साड्यांखाली होती, माझी क्लाऊडवर. फरक एवढाच की तिने सत्तावीस वर्षं काम केलं आणि मी तीन रविवार.

वेळ नाही हे खोटं नाही. माझे रोजचे साडेतीन तास ट्रेनमध्ये जातात, तुमचेही जात असतील. पण सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये ज्या पोरांनी सुरू केली, त्यातला फ्रेडरिक ओझानाम फक्त वीस वर्षांचा विद्यार्थी होता. मित्र जमवले आणि गरिबांच्या घरी जायला लागले. तिची शाखा आज आपल्याकडेही आहे, आणि तिच्या बैठकीतला सगळ्यात तरुण सभासद साठीचा आहे.

मात्र एक गोष्ट हापिसातून चर्चमध्ये आणू नका, ती म्हणजे परफॉर्मन्स. हापिसात टीम नीट चालत नसेल तर ढिला माणूस काढतात. पौलाने करिंथकरांना लिहिताना शरीराचं जे उदाहरण दिलंय ते बरोबर उलटं आहे : जे अवयव दुबळे वाटतात त्यांच्यावाचून भागत नाही. म्हणून आमच्या गायकवृंदातले ते एक काका अर्धा सूर वर गातात आणि गात राहतील. म्हणून आमची बैठक लांबते, कारण दोन जणांना ऐकू येत नाही आणि एकाला सगळं परत सांगावं लागतं. होडीच्या स्लाईडमध्ये हे बसत नाही. होडीत बसलेले आठही जण तगडे होते, मी नीट बघितलं.

मावशी आता काठी घेऊन चालते. मी गेलो, वही मागितली. तिने आधी दिलीच नाही. तुला अक्षर लागणार नाही म्हणाली, मग स्वतः वाचून दाखवायला बसली. दोन संध्याकाळ लागल्या. अकरापैकी एक घर कायमचं खोडलं, नाताळच्या आठवड्यात ते आजोबा गेले. शेवटच्या दोन्ही शुक्रवारी ते वाट बघत होते, असं त्यांची सून म्हणाली.

येत्या रविवारी कौन्सिलची बैठक आहे. मी कौन्सिलवर नाही, तरी जाणार आहे. वहीच्या तीन झेरॉक्स काढल्यात. एक ऑफिससाठी, एक फादरांसाठी, आणि एक ज्या कुणाला पहिल्या शुक्रवारी सकाळी अर्धा दिवस रजा टाकता येईल त्याच्यासाठी.