प्रोव्हान्समधले घर कोणाचे?

पीटर मेल यांचे ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ (१९८९) सहसा विनोदी पुस्तक म्हणून वाचले जाते. आम्हांला ते घरमालकीचे पुस्तक वाटते. मेनेर्ब गावाजवळ घेतलेले जुने शेतघर, वेळ न पाळणारे कारागीर, लांबत जाणारी जेवणे: यातला विनोद सारा खरेदीदाराच्या नजरेतून येतो. पुस्तक इतके गाजले की वाचकच दाराशी येऊ लागले आणि मेल यांना काही वर्षे तो प्रांत सोडावा लागला! प्रवासवर्णन शिकवताना आपण निवेदकाची शैली तपासतो. त्याच्या घरामुळे शेजाऱ्याचे काय झाले, हे विचारत नाही.

फ्रान्समध्ये सुट्टीपुरते घर घेऊन उरलेले आठवडे ते भाड्याने देणारे मालक तेच चित्र विकतात: लव्हेंडर, दगडी भिंती, स्वस्थ दुपार. गावातच नोकरी करणाऱ्या तरुणाला मात्र वर्षभराच्या भाड्याने घर मिळत नाही. नोव्हेंबर २०२४च्या कायद्याने वर्गीकरण न झालेल्या पर्यटक-घरांच्या भाड्यावरील करवजावट ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणली. काही गावांना नवी बांधकामे केवळ कायम निवासासाठी राखण्याची मुभाही दिली. मालकांची कुरकुर आम्हांला फारशी पटत नाही. तथापि ही मुभा नव्या बांधकामांपुरती आहे. आधीच विकली गेलेली जुनी शेतघरे तिच्या कक्षेत येत नाहीत.