मुधोळ आणावा की अल्सेशियन?

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एका शेतकरी बंधूंनी आम्हाला आवारातच गाठले. "फादर, धाकट्यानं हट्ट धरलाय, कुत्रं पाहिजे म्हणतोय. मुधोळ आणू की अल्सेशियन? एकदा काय ते सांगा." मुलगा सहा वर्षांचा. तो बापाचा हात धरून आमच्या तोंडाकडे बघत उभा होता. आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. "संध्याकाळी घरी येतो, घर बघतो, मग बोलू," एवढेच म्हणालो.

हाच प्रश्न अलीकडे आणखी दोन-तीन घरांतून आला आहे, म्हणून आमचे मत या पानावर सर्वांपुढे मांडीत आहोत. पूर्वी येळ्ळूरच्या शेतकऱ्याला कुत्रे विकत आणावे लागत नसे. शेजारच्या गंजीखाली कुत्री व्याली की एक पिल्लू आपल्या अंगणात येई आणि भाकरीच्या तुकड्यावर वाढे. आता मोबाईलवर चित्रे दिसतात, भाव दिसतात, आणि नावाजलेल्या जातीचे कुत्रे दारात असावे असे वाटू लागते. तसे वाटण्यात काही गैर नाही. परंतु बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मग बारा-तेरा वर्षे घरात राहणारा प्राणी केवळ नावावर का घ्यावा?

मुधोळची ओळख

मुधोळ हे आपल्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवरचे, आज बागलकोट जिल्ह्यात असलेले गाव. तेथे पूर्वी घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. त्या भागातील बेडर लोक चपळ, सडपातळ कुत्री घेऊन शिकार करीत. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री हेरली, त्यांची निगराणीने पैदास केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. महाराष्ट्रात याच जातीला कारवान म्हणतात. मध्य आशियातून आलेल्या काफिल्यांबरोबर तिचे पूर्वज इकडे आले असे मानले जाते. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली त्याची काही पिल्ले सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचे नाव घेतले, तेव्हापासून मागणी फारच वाढली.

हा कुत्रा खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंच असतो, पण वजनाने हलका. छाती खोल, पोट आत गेलेले, फासळ्या किंचित दिसतात. आपल्याकडची माणसे त्याला पाहून "उपाशी ठेवलाय काय?" असे विचारतात आणि भात घालघालून त्याला जाड करतात. ही चूक करू नये, त्याची ठेवणच तशी आहे. मुधोळकडचे शेतकरी त्याला ज्वारी-मक्याच्या पिठावर नि दुधावर वाढवतात, त्यामुळे खाण्याचा खर्च बेताचा.

मुख्य गोष्ट ही की तो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. दूर शेताच्या बांधावर काही हलले की तो सुटला. मग तो ससा असो, शेजाऱ्याची कोंबडी असो की रस्त्यापलीकडचे मांजर असो. त्या क्षणी मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. भात कापून झाल्यावर आपले शिवार उघडे पडते, मसूर-वाटाणा अजून गुडघ्याएवढाही नसतो, तेव्हा तर त्याला सारे रान मोकळे. काही तरुणांना यात मौज वाटते. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सशाची शिकार हा गुन्हा आहे. कुत्र्याने केली म्हणून मालक सुटत नाही.

स्वभावाने तो मानी आहे. घरच्यांवर जीव लावतो, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. मारझोड केली तर कायमचा बिथरतो.

अल्सेशियनची ओळख

अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. १८९९ साली माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात बांधली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नकोसे झाले, म्हणून त्यांनी आल्सास प्रांतावरून अल्सेशियन हे नाव ठेवले, आणि इंग्रजांकडूनच ते आपल्याकडे आले.

मेंढ्यांचा कळप दिवसभर वळवायचा, धन्याच्या खुणेवर चालायचे, हे त्याचे मूळ काम. म्हणून तो लवकर शिकतो, हाकेला धावून येतो, आणि घरातल्या माणसांच्या पायांत पायांत राहतो. मुलांना जपतो. पण हाच गुण उलटा फिरतो. त्याला काम नाही, सोबत नाही, शिकवणारा नाही, तर तो सारखा भुंकतो, कुरतडतो, आणि शेवटी चावतो.

नराचे वजन तीस ते चाळीस किलो भरते, म्हणजे खाणेही तेवढेच लागते. अंगावर दुहेरी केस. आपला भाग सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळा त्याला सोसतो. कस लागतो तो पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर अंग ओले राहिले तर कातडीला खाज सुटते, गोचीड केसांत लपतात आणि त्यांच्यापासून ताप येतो. रोज विंचरणे व कोरडे पुसणे हे त्याला हौस म्हणून नव्हे, औषध म्हणून करावे लागते. या जातीत मागच्या खुब्याच्या सांध्याचा दोष पुष्कळ आढळतो. पाठ फार उतरती असलेले पिल्लू दिसायला ऐटबाज असले तरी टाळावे.

आमची स्वतःची चूक

हे आम्ही केवळ पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका हितचिंतकांनी आम्हाला अल्सेशियनचे पिल्लू भेट दिले. राखणीला बरे म्हणून आम्ही ते व्हरांड्याच्या खांबाला बांधले. सकाळी मिस्सा, मग आजारी माणसांच्या भेटी, मग सभा. पिल्लाला दोन वेळा अन्न मिळे, पण त्याच्याजवळ बसायला कोणी नव्हते. आठ महिन्यांत ते आल्यागेल्याच्या अंगावर धावू लागले, आणि लोक म्हणत, "फादरांचा कुत्रा कडक आहे हं!" आम्हालाही त्यात थोडा अभिमानच वाटत असे.

एके दिवशी धर्मशिक्षणाला आलेल्या एका मुलाचा चेंडू साखळीच्या टप्प्यात गेला. मुलगा वाकला आणि कुत्र्याने त्याचा दंड धरला. जखम धुऊन आम्ही त्याला दवाखान्यात नेले, सगळी इंजेक्शने पुरी केली, मुलगा बरा झाला. त्याची आई आम्हाला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले. दोष त्या जातीचा नव्हता. आम्ही त्याला साखळीशिवाय दुसरे काही शिकवलेच नव्हते.

पुढे तो कुत्रा शेजारच्या गावातील एका निवृत्त जवानांनी नेला. ते त्याला पहाटे शेतावर चालवीत नेत, बस-ऊठ शिकवीत, आणि दिवसभर स्वतः घरी असत. वर्षभराने आम्ही गेलो तर तो ओट्यावर त्यांच्या नातीच्या पायाशी झोपला होता. आम्हाला ओळखून उठला, पण भुंकला नाही.

आधी घर पाहावे

म्हणून आम्ही त्या बंधूंच्या घरी गेलो तेव्हा कुत्र्याविषयी न बोलता परडे पाहिले. घराला कुंपण नाही. दारात दोन शेळ्या, एक करडू, दहा-बारा मोकळ्या कोंबड्या. समोरून गाड्यांचा रस्ता. ते स्वतः सकाळी शिवारात, थोरला मुलगा कारखान्यात पाळीवर, सूनबाई नोकरीला. दिवसभर घरी आजी आणि शाळेतून आल्यावर धाकटा.

आम्ही त्यांना तीन गोष्टी विचारल्या. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास कुत्र्याला घेऊन कोण चालणार? कुत्रा मोकळा राहील अशी बंदिस्त जागा कोठे आहे? आणि चाळीस किलोचा कुत्रा ओढू लागला तर त्याला धरणारे घरात दिवसा कोण आहे?

ते थोडा वेळ गप्प बसले. मग आजीच हसून म्हणाल्या, "मला तर ती शेळीबी आवरत न्हाई, फादर."

आमचे मत असे आहे. ज्याच्या घराला पुरुषभर उंचीचे कुंपण आहे, कोंबड्या खुराड्यात आहेत, आणि जो रोज पायी शेतावर जातो, त्या शेतकऱ्याने मुधोळ घ्यावा. तो या मातीतला आहे, कमी खातो, अंग लवकर वाळते आणि घरात घाण वास करीत नाही. मात्र अंगावर चरबी व केस कमी असल्याने पावसात आणि थंडीत त्याला कोरडे पोते व आडोसा हवाच. ज्या घरात धडधाकट मोठे माणूस दिवसभर असते आणि शिकवण्याची चिकाटी आहे, तेथे अल्सेशियन शोभतो. यांपैकी काहीच नसेल, तर दोन्ही नको. शेजारचे निरोगी गावठी पिल्लू घ्यावे, त्याला लस द्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. साखळीला बांधून ठेवण्यासाठी कोणतीच जात आणू नये.

घेण्याचे ठरलेच तर पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आईपासून तोडू नये. आई दाखवीत नाही त्याच्याकडून घेऊ नये, कारण कोणतेही हडकुळे पिल्लू आता मुधोळ म्हणून विकले जाते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या जातीचे संशोधन केंद्र आहे, तेथे चौकशी केल्यास फसवणूक टळते.

घराच्या आरोग्यासाठी

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने पार्व्हो व डिस्टेंपरची लस द्यावी, जंताचे औषध वेळेवर पाजावे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि पुढे दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास अनेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती फुकट मिळते. आपल्या भातशेतीत उंदीर पुष्कळ, त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप कुत्र्याला होतो आणि माणसालाही, म्हणून ती लसही मागून घ्यावी. शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड टाकले असेल त्या दिवसांत कुत्र्याला तिकडे नेऊ नये. शिजवलेल्या कोंबडीची हाडे, कांदा व मनुका घालू नयेत. बकरे कापल्यावर कच्ची आतडी-काळीज टाकू नये, त्यातून कुत्र्याला जंत होतात आणि त्यांची अंडी मुलांच्या पोटात जातात. मुधोळवर शस्त्रक्रिया करावयाची असल्यास जात आधी डॉक्टरांना सांगावी, कारण अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधे जास्त वेळ चढतात.

कोणताही कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर देतील त्या तारखांना सगळी इंजेक्शने पुरी करावीत. रक्त आले असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे इंजेक्शनही लागते. घरचाच कुत्रा आहे, पिल्लूच आहे, म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

त्या बंधूंनी अजून कुत्रा आणलेला नाही. परवा आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा ते परड्याला चिऱ्यांचे कुंपण घालीत होते आणि धाकटा पाण्याची घागर धरून उभा होता. पिल्लू सुगी झाल्यावर आणायचे ठरले आहे. कोणत्या जातीचे ते घरात अजून ठरत नाही. आम्ही मुलाला एकच काम सांगितले आहे. पिल्लू येईल त्या दिवशी त्याचे वय विचारून घ्यायचे आणि ते तीन महिन्यांचे कधी होते ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहून ठेवायची. ज्या ज्या घरी पिल्लू येईल, त्या त्या घरी एवढे तरी व्हावे.